ड्रॅगनच्या मालिकेत वाचण्यासारखं काय असतं?

भाचीला कॉलेजात प्रकल्प मिळाला: एखादी फँटसी मालिका घ्या आणि तिची 'माध्यमभाषा' व तिच्यातलं 'चित्रण' तपासा. तिनं 'गेम ऑफ थ्रोन्स' निवडली. तिच्या बाबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "याची फी भरतोय का आपण?"

प्रश्न काही त्यांच्या एकट्याचा नाही. २०२२च्या ऑगस्टमध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या आधीची गोष्ट सांगणारी 'हाउस ऑफ द ड्रॅगन' सुरू झाली, तेव्हा एका बड्या सरदाराच्या भूमिकेत कृष्णवर्णीय नट घेतला म्हणून इंटरनेटवर रण माजलं होतं. एक बाजू म्हणत होती, हे मूळ गोष्टीला धरून नाही. दुसरी म्हणत होती, अहो, गोष्टच सगळी खोटी, तिच्यात कसलं खरंखोटं शोधताय? अशा मालिकेचा नवा हंगाम आला की हे भांडण थोड्याफार फरकानं पुन्हा उभं राहतं.

मला ही दुसरी बाजू पहिलीइतकीच चुकीची वाटते. दादरला घडणारी मालिका घ्या. मागून लोकल जाते, कोपऱ्यावर वडापावची गाडी असते, जिन्यात चपला पडलेल्या असतात. यातलं बरंचसं तिथं आधीपासून असतं, दिग्दर्शक फक्त कॅमेरा लावतो. 'गेम ऑफ थ्रोन्स' जिथं घडते त्या वेस्टेरॉस नावाच्या कल्पित खंडात मात्र आधीपासून काहीच नसतं. कोण कुठला अंगरखा घालतो, कुठल्या गावचं ऊन पिवळं, कोण शुद्ध बोलतं, कुणाला नाव मिळतं आणि कोण नुसतं गर्दीत उभं राहतं, हे सगळं कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. त्यामुळे ठरवणाऱ्याच्या डोक्यात काय आहे ते कल्पनेतल्या राज्यात जास्त स्वच्छ दिसतं.

('गेम ऑफ थ्रोन्स' पाहायची राहिली असेल तर पुढे रहस्यं फुटणार आहेत. ती २०१९मध्ये संपली, तेव्हा माफी मागत नाही.)

आजीला ही भाषा येते

माध्यमभाषा हा शब्द जड आहे, गोष्ट नाही. पडद्यावरून अर्थ पोचवायला जे जे वापरलं जातं ती माध्यमभाषा. संवाद हा तिचा एक भाग. कॅमेरा कुठं ठेवला, उजेड कुठून आला, कपड्यांचा रंग कोणता, मागे काय वाजतंय, एक दृश्य तोडून त्याला दुसरं कुठं जोडलं, हे उरलेले भाग.

माझी आई, म्हणजे भाचीची आजी, संध्याकाळी सातपासून मालिका बघते. नवी बाई उंबरठ्यावर आली रे आली की आई जाहीर करते, "ही घर फोडणार." ती बाई अजून एक वाक्य बोललेली नसते. पण तिची भुवई कोरलेली असते, टिकली लांबट असते, ती येताना वाद्यं खर्जात घुमतात आणि कॅमेरा तिच्या सँडलपासून सुरू होऊन सावकाश चेहऱ्यापर्यंत चढतो. हीच बाई ओल्या केसांनी, बासरीच्या सुरावर, तुळशीला पाणी घालताना दिसली असती तर आईनं तिला घरची लक्ष्मी ठरवलं असतं. आईनं यासाठी शिकवणी लावली नव्हती. वर्षानुवर्षं बघून तिला ही भाषा आली, जशी बोलीभाषा येते. भाचीच्या कॉलेजात या भाषेचं व्याकरण शिकवतात, एवढाच फरक.

पहिल्यांदा वाजलेला पियानो

एक उदाहरण सविस्तर बघू. सहाव्या हंगामाचा शेवटचा भाग, २६ जून २०१६. दिग्दर्शक मिगेल सापोचनिक, संगीत रमीन जावादी. महाराणी सर्सीवर धर्मपीठासमोर खटला चालायचा आहे. सुरुवातीला कुणी काही बोलतच नाही. घंटा वाजतात आणि चार माणसं आपापल्या खोलीत कपडे चढवतात: सर्सी, तिचा कोवळा मुलगा राजा टॉमेन, त्याची राणी मार्जरी आणि धर्मगुरू. एकीकडे सर्सीचा गळ्यापर्यंत बंद काळा पोशाख, दुसरीकडे धर्मगुरूचा साधा, खरबरीत झगा. मग पियानो सुरू होतो, एकेक सूर सुटा.

तोवर एकोणसाठ भाग झाले होते आणि त्यांत पियानो कधीच वाजला नव्हता. या मालिकेचा आवाज म्हणजे चेलो आणि ढोल. भजनी मंडळात टाळ-मृदंगाला सरावलेल्या कानाला मध्येच पियानो ऐकू आला तर माणूस मान वर करून बघेल, तसंच झालं. पडद्यावर अजून काहीही वाईट घडलेलं नाही, पण नेहमीचे नियम आज चालणार नाहीत हे कानाला कळलेलं असतं. पुढे त्यात लहान मुलांचे आवाज मिसळतात, ऑर्गन येतो. देवळाखालच्या भुयारात ज्वालाग्राही द्रवाच्या साठ्यात मेणबत्त्या जळत असतात, वर मार्जरीसह सगळे लोक सर्सीची वाट बघत असतात, आणि ती आलेलीच नसते. देऊळ हिरव्या आगीत उडतं. सर्सी महालाच्या खिडकीतून बघत वाइनचा घोट घेते.

पण माझ्या लेखी खरा कळस त्यानंतर आहे. टॉमेन आपल्या खोलीच्या खिडकीत उभा आहे, दूरवर देवळाच्या जागी धूर. तो मुकुट काढून ठेवायला बाजूला जातो, चौकटीबाहेर. कॅमेरा त्याच्या मागे जात नाही. तो रिकाम्या खिडकीकडे बघत राहतो. टॉमेन परत येतो, खिडकीवर चढतो आणि पुढे कलतो. किंकाळी नाही, आईचा आक्रोश नाही, तीन कोनांतून तीनदा दाखवणं तर नाहीच. कॅमेरा मुलामागे गेला असता तर आपण त्याच्या दुःखात शिरलो असतो. तो खिडकीपाशी थांबला, म्हणून आपण नुसतं बघत बसतो. त्या मुलाकडे आयुष्यभर सगळ्यांनी असंच तर बघितलं होतं.

स्थळाचा फोटो

आता दुसरा शब्द, चित्रण. एखादा माणूस, समाज किंवा प्रदेश पडद्यावर कसा उभा केला जातो ते चित्रण. यासाठी मला स्थळाच्या माहितीपत्रकासोबत पाठवायच्या फोटोपेक्षा चांगली उपमा सुचत नाही. फोटोतली मुलगी खरीच असते, साडी खरी, हसूही खरं. पण दोनशे फोटोंतून तो एक निवडलेला असतो, जीन्समधला बाजूला ठेवलेला असतो आणि मागचा कपडे वाळत घातलेला दोर चौकटीबाहेर ढकललेला असतो. यात खोटं काही नाही. निवड आहे, आणि समोरचा माणूस त्या निवडीवरून मुलीविषयी मत बनवतो.

जमैकात जन्मलेले ब्रिटिश अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी या विषयाला आजचं रूप दिलं. त्यांच्या म्हणण्याचं सार असं की माध्यमं जगाला नुसता आरसा दाखवत नाहीत, ती जगाचे अर्थ घडवतात. आणि हा अर्थ एकट्या बनवणाऱ्याच्या हातात नसतो. बघणारा आपापल्या अनुभवातून तो कधी जसाच्या तसा घेतो, कधी अर्धामुर्धा, कधी साफ उलटा. सिद्धांत एवढाच पुरे.

'माय लॉर्ड' आणि 'मिलॉर्ड'

२०१२च्या दुसऱ्या हंगामात एक छोटं दृश्य आहे. सरदारकन्या आर्या ओळख लपवून शत्रूच्या, टायविन लॅनिस्टरच्या, पदरी पेले भरायचं काम करते. बोलताना ती 'माय लॉर्ड' म्हणते. म्हातारा टायविन शांतपणे सांगतो की खालच्या घरातल्या मुली 'मिलॉर्ड' म्हणतात. सोंग घ्यायचं तर नीट घ्यावं. एका उच्चारानं पोरगी उघडी पडते.

'पाणी' आणि 'पानी' यांवरून माणसाचं गाव, जात आणि शाळा ताडणाऱ्या मराठी समाजाला हे दृश्य समजावून सांगायची गरज नाही. पण सबटायटल वाचत पाहणाऱ्याच्या हातून एक गोष्ट निसटते. आर्याचा बाप नेड स्टार्क आणि त्याच्या घरात वाढलेला जॉन स्नो उत्तर इंग्लंडच्या हेलात बोलतात. नेड झालेला शॉन बीन शेफील्डचाच. लॅनिस्टर मंडळी लंडनच्या उच्चभ्रू, 'शुद्ध' इंग्रजीत बोलतात. म्हणजे उत्तरेकडचे रांगडे आणि सच्चे, दक्षिणेकडचे सफाईदार आणि कावेबाज. हा समज ब्रिटिशांच्या घरात आधीपासूनच आहे. मालिकेनं तो फुकटात वापरला.

आपल्याकडे २०१६मध्ये 'रात्रीस खेळ चाले' आली तेव्हा मालवणी बोली घरोघरी पोचली. पण ती भुताखेतांच्या वाड्यातून पोचली, म्हणून कोकणातून तक्रारीही आल्या. दोन्ही बाजू मला पटल्या होत्या. आपली बोली टीव्हीवर ऐकून ऊर भरून येतो, आणि प्रत्येक वेळी तीच बोली अमावास्येलाच ऐकू आली की राग येतो.

शब्दच नाही म्हणे

पहिल्याच भागात, राज्य गमावलेल्या राजघराण्यातल्या डेनेरिसचं लग्न डोथ्राकी या भटक्या घोडेस्वार टोळीच्या नायकाशी होतं. तीन मुडदे पडल्याशिवाय डोथ्राकी लग्नाला रंगत नाही, असं वऱ्हाडातला एक शेठ सांगतो आणि लगेच मारामारी दिसते. नवरा घोडी भेट देतो. नवरी विचारते, यांच्या भाषेत आभार कसे मानू? उत्तर मिळतं, डोथ्राकीत त्यासाठी शब्दच नाही.

त्या भाषेचं व्याकरण आणि शब्दभांडार डेव्हिड पीटरसन या भाषातज्ज्ञानं मालिकेसाठी खपून तयार केलं. एवढी मेहनत घेतलेल्या भाषेची आपल्याशी पहिली ओळख होते ती तिच्यात काय नाही यावरून. ज्यांना 'थँक यू' म्हणता येत नाही ते रानटी, हे न बोलता बोललं जातं.

भाचीनं हा प्रसंग आजीला दाखवला. आजी म्हणाली, "मग आपल्यात तरी कुठं होता? 'धन्यवाद' ते आकाशवाणीवर." खरंच आहे. जेवायला वाढलेल्या आईला किंवा रात्री दवाखान्यात घेऊन गेलेल्या शेजाऱ्याला धन्यवाद म्हणणं आमच्या लहानपणी परकेपणाचं होतं. "बरं झालं आलास" म्हटलं की झालं. ज्या घरात शब्द नाही तिथं कृतज्ञताही नसते, ही समजूत इंग्रजी घरातली आहे. हॉल म्हणतात तो उलटा अर्थ आजीनं अर्ध्या मिनिटात काढून दाखवला.

हातांच्या समुद्रात एक गोरी मुलगी

सर्वांत जास्त वाद ज्यावर झाला ते दृश्य तिसऱ्या हंगामाच्या अखेरीचं, जून २०१३. डेनेरिसनं युन्काई शहरातल्या गुलामांना मुक्त केलंय. ते वेशीबाहेर येतात आणि 'मिसा' म्हणजे 'आई' असा घोष करत तिला खांद्यावर उचलतात. कॅमेरा वर वर जातो. खाली सावळ्या अंगांचा आणि उंचावलेल्या हातांचा समुद्र, मधोमध फिका निळा पोशाख आणि चंदेरी केसांची एक गोरी मुलगी.

चित्र देखणं आहे, पंचाईत तीच आहे. गोरा माणूस येतो आणि सावळ्यांचा उद्धार करतो, ही गोष्ट साम्राज्यांनी दोनशे वर्षं सांगितलेली आहे. मालिकेच्या बाजूनं खुलासा आला: चित्रीकरण मोरोक्कोत झालं, गर्दीसाठी स्थानिक माणसं घेतली, आणि मूळ कथेत गुलामगिरीचा रंगाशी संबंध नाही. खुलासा खरा मानू. पण सेटवरची अडचण प्रेक्षकाला दिसत नाही, त्याला चौकट दिसते. त्या गर्दीतल्या एकाला जरी नाव, चेहरा आणि दोन वाक्यं मिळाली असती तर चौकट बदलली असती. वेस्टेरॉसमधल्या बारीकसारीक सरदारालाही नाव, निशाण आणि घोषवाक्य आहे. समुद्रापलीकडच्या पूर्वेला बहुतेक वेळा नुसती गर्दी आणि पिवळं ऊन.

कुणी म्हणेल, शेवटी हीच मुलगी निरपराध शहर जाळते, म्हणजे मालिकेनं उद्धारकाचा बुरखा फाडलाच की. हा युक्तिवाद मला बराचसा मान्य आहे. फक्त जळताना ज्यांचे चेहरे जवळून दिसतात ते वेस्टेरॉसचे नागरिक असतात.

'पण त्या काळी असंच होतं ना?'

बायकांवरच्या अत्याचारांचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. त्या काळी म्हणजे कुठल्या काळी? ज्या जगात हिवाळा वर्षानुवर्षं टिकतो आणि मेलेली माणसं उठून चालतात, तिथं मध्ययुगातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे लेखक ठरवतो. नायिकांचे दात पांढरेशुभ्र चालतात, तिथं 'त्या काळी' आड येत नाही.

अत्याचार दाखवावा की नाही, यापेक्षा तो कसा दाखवला हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे. मे २०१५मध्ये आर्याची बहीण सान्सा हिच्यावर लग्नाच्या रात्री बलात्कार होतो, तेव्हा कॅमेरा तिच्यावरून सरकतो आणि खोलीत जबरदस्तीनं उभ्या केलेल्या, तिच्याच घरात वाढलेल्या थिऑनच्या रडवेल्या चेहऱ्यावर थांबतो. समर्थक म्हणाले, हा संयम आहे. टीकाकार म्हणाले, यातना तिची आणि तिचं दुःख मात्र एका पुरुषाच्या चेहऱ्यातून. अमेरिकी सिनेटर क्लेअर मॅकॅस्किल यांनी त्यानंतर आपण मालिका सोडल्याचं जाहीर केलं. मला टीकाकारांचं पटतं. टॉमेनच्या वेळी दूर राहणारा कॅमेरा अर्थ वाढवतो. इथं तो तिच्याकडून तिचाच प्रसंग काढून घेतो. एकूण ७३ भागांपैकी फक्त चार भाग स्त्रीनं दिग्दर्शित केले, आणि ते चारही एकाच, मिशेल मॅक्लारेन यांनी. खोलीत कोण बसून ठरवतं, याच्याशी याचा संबंध असणारच.

उलट बाजूही लिहायला हवी. पीटर डिंकलेज यांनी रंगवलेला टिरियन बघा. बुटका माणूस म्हणजे विदूषक किंवा दाढीवाला खाणकामगार, या ठराविक साच्यातून त्याला बाहेर काढून मालिकेनं त्याला सगळ्यात धारदार बुद्धी दिली. डिंकलेज यांना त्यासाठी चार वेळा एमी हा अमेरिकी टीव्हीचा पुरस्कार मिळाला.

'ड्रॅगन उडतो, मग हेच का खटकतं?'

'हाउस ऑफ द ड्रॅगन'मध्ये कॉर्लिस वेलॅरिऑन हा धनाढ्य दर्यासारंग स्टीव्ह टूसाँ यांनी केला. त्यांनीच एका मुलाखतीत हा विरोधाभास बोलून दाखवला: उडणारे ड्रॅगन आणि पांढरे केस लोकांना चालतात, पण श्रीमंत काळा माणूस म्हटलं की अती होतं.

पण मला यात गोष्ट सांगण्याच्या कारागिरीचा भाग जास्त रंजक वाटतो. कथेत राजकन्या ऱ्हेनिराच्या मुलांचा बाप कोण, यावरून राज्य पेटतं. बाप म्हणून नाव तिच्या नवऱ्याचं, म्हणजे कॉर्लिसच्या मुलाचं, मुलं दुसऱ्याची. सगळेच नट गोरे असते तर सारा भार केसांच्या रंगावर आणि कुजबुजीवर पडला असता. इथं बाप काळा, केस पांढरे. मुलं गोरी, केस तपकिरी. दरबारात प्रत्येकाला दिसतंय आणि बोलायची मात्र सोय नाही. एका नटाच्या निवडीनं, एकही संवाद न वाढवता, दरबाराचा ढोंगीपणा उघडा केला. चित्रण आणि माध्यमभाषा हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवतात, पण पडद्यावर ते असे एकात एक गुंतलेले असतात.

'करणाऱ्याच्या मनात तरी हे सगळं असतं का?'

नेहमी नसतं. मे २०१९मध्ये आठव्या हंगामाच्या चौथ्या भागात मेजवानीच्या टेबलावर, डेनेरिससमोर, चक्क आजचा कॉफीचा कागदी कप राहून गेला. चूक होती, नंतर संगणकावर पुसली. पण बघणाऱ्यांनी त्यावर एका प्रसिद्ध कंपनीचं नावसुद्धा 'वाचलं', जे त्यावर नव्हतंच. मुद्दाम ठेवलेलं नसलं तरी दिसलं की वाचलं जातं.

याउलट त्याच्या आदल्याच भागात सगळं मुद्दाम होतं. मुडद्यांच्या फौजेशी रात्रीची लढाई, आणि ती इतकी काळोखी की जगभर लोक ओरडले, काही दिसत नाही. छायालेखक फेबियन वॅगनर यांचं म्हणणं, चित्रण बरोबर आहे. लोक टीव्ही नीट लावत नाहीत आणि उजेडात बसून बघतात. अंधारानं गोंधळ आणि भीती पोचवायची होती.

भारतात तो भाग लागला सोमवारी, २९ एप्रिलला, सकाळी साडेसहाला. मुंबईत त्या दिवशी लोकसभेचं मतदान होतं. आम्ही पूर्वेकडच्या हॉलमध्ये पडदे ओढून, पडद्यांवर चादर टाकून बसलो होतो. तरी काचेवर आमचेच चेहरे दिसत होते. मेव्हण्यानं टीव्हीचा उजेड वाढवला, तर काळ्याचा राखाडी झाला आणि फौज दिसायच्या ऐवजी धुकं दिसलं. आई चहा घेऊन आली, मिनिटभर उभी राहिली आणि म्हणाली, "लाइट गेलेत का यांच्याकडे?" मग मतदार यादीतला नंबर लिहिलेली चिठ्ठी शोधायला आत गेली.